नागासाकीचा सेंटर-बॅक

१९९८ साली जपान पहिल्यांदा फुटबॉलच्या विश्वचषकात उतरला, तेव्हा संघातले सगळे २२ खेळाडू जपानमधल्याच क्लबांकडून खेळणारे होते. २०२२ साली कतारला गेलेल्या २६ जणांपैकी १९ जणांचे क्लब युरोपात होते. मधल्या चोवीस वर्षांची गोष्ट सांगताना हिदेतोशी नाकाता, शुन्सुके नाकामुरा, शिंजी कागावा ही नावं हटकून येतात आणि ती यायलाच हवीत. पण या प्रकरणासाठी मी गोल करणारा खेळाडू निवडलेला नाही. समोरच्याला गोल करू न देणं हेच ज्याचं काम, असा माणूस निवडला आहे. त्याचं नाव माया योशिदा. उंची १८९ सेंटिमीटर. जागा सेंटर-बॅकची, म्हणजे गोलरक्षकाच्या पुढे, बचावफळीच्या ऐन मध्यावर. नेदरलँड्स, इंग्लंड, इटली, जर्मनी आणि अमेरिका या पाच देशांत तो खेळला आणि जपानच्या राष्ट्रीय संघाकडून १२६ सामन्यांत उतरला.

त्याचं मोठेपण कळायला आधी थोडं मागे जावं लागेल. परदेशात व्यावसायिक फुटबॉल खेळणारा पहिला जपानी म्हणजे यासुहिको ओकुदेरा. १९७७ मध्ये कोलोन क्लबचे प्रशिक्षक हेनेस वाइसवाइलर त्याला जर्मनीला घेऊन गेले आणि पहिल्याच मोसमात कोलोननं लीग आणि जर्मन करंडक दोन्ही जिंकले. त्या वेळी जपानमध्ये व्यावसायिक लीग नव्हतीच. खेळाडू मोठ्या कंपन्यांत नोकरी करायचे आणि त्या कंपन्यांच्या संघांतून खेळायचे. जे-लीग सुरू झाली १९९३ मध्ये. त्यानंतर पाच वर्षांनी नाकाता इटलीत पेरुजियाला गेला आणि २००१ मध्ये रोमाबरोबर इटलीचा विजेता झाला. शिंजी ओनोनं फाइनॉर्डकडून २००२ चा युएफा करंडक जिंकला. नाकामुरानं २००६ मध्ये सेल्टिककडून मँचेस्टर युनायटेडविरुद्ध मारलेली फ्री किक ग्लासगोत आजही सांगितली जाते. या ओघातला एक जण आपल्याकडेही आला. शिमोनोसेकीचा अराता इझुमी मुंबईच्या महिंद्रा युनायटेडकडून आणि मग पुणे एफसीकडून खेळला, वडील भारतीय असल्यानं त्यानं जपानचं नागरिकत्व सोडून भारताचं घेतलं आणि भारताच्या राष्ट्रीय संघाची जर्सी घातली.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. बहुतेक जण मधल्या फळीतले किंवा आघाडीचे. पायात चेंडू खिळवून ठेवणारे, अचूक पास देणारे. सेंटर-बॅक त्यांत जवळजवळ नाही. २००२ आणि २००६ च्या विश्वचषकांत जपानचा कर्णधार असलेला त्सुनेयासु मियामोतो ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गला पोहोचला, तोवर तिशीला टेकला होता, आणि दोन वर्षांत परतला.

याचं कारण जपानी बचावपटूंचा दर्जा एवढंच नव्हतं. परदेशी खेळाडूसाठी क्लब पैसे मोजतो ते गोलांच्या आशेनं. आघाडीचा खेळाडू चार संधी वाया घालवून पाचवी साधतो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याचा फोटो येतो. सेंटर-बॅकनं नव्वद मिनिटांत एकोणनव्वद मिनिटं सगळं बरोबर केलं आणि एका क्षणी पाय चुकला, तर लक्षात राहतो तो क्षण. त्यामुळे प्रशिक्षक त्या जागेवर ओळखीचा, आपल्याच लीगमध्ये तावूनसुलाखून निघालेला माणूस पसंत करतो. त्यात जपानी खेळाडूंच्या उंचीबद्दल आणि ताकदीबद्दल युरोपात शंका होती. तिसरी अडचण मला सगळ्यांत मोठी वाटते, ती म्हणजे भाषा. विंगर मुका राहिला तरी खेळू शकतो. चेंडू मिळाला की पळायचं, एवढं त्याला कळलं तरी निभावतं. सेंटर-बॅकला मात्र सगळं मैदान समोर दिसत असतं आणि जे दिसतं ते इतरांना ओरडून सांगणं हे त्याच्या कामातलं अर्धं काम असतं. फुलबॅकला मागून कुणी येतंय का, मधल्या फळीतल्या माणसाला वळायला वेळ आहे का, संपूर्ण फळीनं दोन पावलं पुढे सरकून समोरच्या स्ट्रायकरला ऑफसाइडमध्ये सोडायचं का, हे त्यानं क्षणार्धात आणि सगळ्यांना कळेल अशा शब्दांत सांगायचं असतं. इंग्लंडच्या मैदानांवर ‘मॅन ऑन’, ‘टाइम’, ‘स्टेप अप’, ‘अवे’ या आरोळ्या सतत ऐकू येतात. त्या देताना अडखळणारा माणूस तिथे चालत नाही.

२०१०-११ च्या सुमाराला दार किलकिलं झालं, ते बाजूच्या बचावपटूंसाठी. युतो नागातोमो इटलीत चेसेनाला गेला आणि सहा महिन्यांत इंटर मिलानचा झाला. आत्सुतो उचिदा जर्मनीत शाल्केला गेला आणि २०११ मध्ये चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी खेळला. दोघेही फुलबॅक. वेग, दमसास आणि शिस्त यांच्या जोरावर कडेच्या पट्ट्यात त्यांनी नाव मिळवलं. बचावफळीचा मध्य अजून जपान्यांच्या हाती कुणी सोपवला नव्हता.

योशिदाचा जन्म २४ ऑगस्ट १९८८ चा, नागासाकीचा. तीन भावांत तो धाकटा. नागोया ग्रँपस या क्लबच्या युवा अकादमीची निवड चाचणी असल्याचं भावानं इंटरनेटवर शोधून काढलं. चाचणीत पास झाल्यावर बाराव्या वर्षी तो क्यूशू बेट सोडून मोठ्या भावाबरोबर नागोयाला राहायला गेला. आईवडिलांपासून शेकडो किलोमीटर दूर, शाळा आणि सराव सांभाळत तो वाढला. पुढे परदेशात इतकी वर्षं काढलेल्या या माणसाचं पहिलं परगावी राहणं बाराव्या वर्षीच सुरू झालं होतं, हे त्याच्या कारकिर्दीकडे बघताना मला महत्त्वाचं वाटतं.

अकादमीत तो मधल्या फळीत खेळायचा. २००७ मध्ये मुख्य संघात आल्यावर तो मागे सरकला. त्या वेळी नागोयाचे प्रशिक्षक सेफ फेरगोसन हे डच गृहस्थ होते. मधल्या फळीत घडलेला उंच खेळाडू सेंटर-बॅकला वापरणं डच फुटबॉलला नवं नाही. अशा खेळाडूला चेंडू नुसता उडवून लावायची सवय नसते, तो मान वर करून पास शोधतो. योशिदाच्या खेळातला हा गुण अखेरपर्यंत टिकला, आणि त्याच्या काही गाजलेल्या चुकाही याच गुणातून झाल्या.

२०१० च्या जानेवारीत तो नेदरलँड्समधल्या फेनलो गावच्या व्हीव्हीव्ही क्लबकडे गेला. फेनलो जर्मनीच्या सीमेला लागून असलेलं, मास नदीकाठचं छोटं शहर, आणि क्लब त्याहून छोटा. पण नागोया आणि फेनलो यांच्यात वाट पडलेली होती. केइसुके होंदा याच वाटेनं दोन वर्षं आधी आला होता आणि त्याच महिन्यात तो मॉस्कोच्या सीएसकेएकडे निघाला. फेरगोसनही पूर्वी व्हीव्हीव्हीचे प्रशिक्षक होते. नेदरलँड्सच्या लीगमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या खेळाडूला लीगमधल्या सरासरी पगाराच्या दीडपट पगार द्यावाच लागतो, असा नियम आहे. म्हणजे फेनलोसारख्या गरीब क्लबसाठी जपानी खेळाडू ही स्वस्तातली खरेदी मुळीच नसते. एवढे पैसे मोजून आणलेला योशिदा आल्या आल्या पायाच्या दुखापतीनं महिनोन्‌महिने बाहेर बसला. पहिल्याच परदेशी क्लबमध्ये, अनोळखी भाषेत, खेळायला न मिळता काढलेले ते महिने होते. त्या काळात त्यानं इंग्रजीवर मेहनत घेतली. इंग्लंडला पोहोचला तेव्हा तो दुभाष्याशिवाय मुलाखती देत होता.

मैदानावर परतल्यावर २०११ च्या जानेवारीत कतारमध्ये आशियाई करंडक झाला. जपानचा पहिला सामना जॉर्डनशी होता आणि नव्वद मिनिटं संपली तेव्हा जपान ०-१ मागे होता. भरपाई वेळेत कॉर्नर मिळाला, माकोतो हासेबेनं चेंडू आत टाकला आणि योशिदानं हेडरवर बरोबरी साधली. त्याचा तो पहिला आंतरराष्ट्रीय गोल. उपांत्यपूर्व सामन्यात यजमान कतारविरुद्ध त्यालाच लाल कार्ड मिळालं आणि त्याच फाउलच्या फ्री किकवर कतारनं आघाडी घेतली. जपान दहा जणांनिशी ३-२ असा जिंकला. उपांत्य सामना निलंबनामुळे हुकला, अंतिम सामन्यात तो परतला आणि ऑस्ट्रेलियाला १-० हरवून जपान विजेता झाला. तीन आठवड्यांत वाचवणारा, बुडवणारा आणि विजेता अशा तिन्ही भूमिका त्यानं पाहिल्या. त्या वेळी तो बावीस वर्षांचा होता.

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तेवीस वर्षांखालच्या संघात वयाची सवलत मिळालेला खेळाडू आणि कर्णधार म्हणून त्याची निवड झाली. ग्लासगोत जपाननं स्पेनला १-० हरवलं आणि उपांत्य फेरीपर्यंत मजल मारली. कांस्यपदकाचा सामना दक्षिण कोरियानं जिंकला. पण इंग्लिश क्लबांना हवं ते दिसून गेलं होतं. ऑगस्टच्या अखेरीला साउदॅम्प्टननं त्याला करारबद्ध केलं. त्याच उन्हाळ्यात कागावा डॉर्टमुंडहून मँचेस्टर युनायटेडला आला होता आणि जपानी पत्रकारांचा सगळा ताफा अर्थातच मँचेस्टरला होता.

इंग्लंडमध्ये काम करण्याचा परवाना मिळवणं हीसुद्धा एक परीक्षाच होती. खेळाडूचा देश फिफा क्रमवारीत पहिल्या सत्तरात हवा आणि आधीच्या दोन वर्षांत राष्ट्रीय संघाच्या तीन चतुर्थांश स्पर्धात्मक सामन्यांत तो खेळलेला हवा, अशी अट होती. म्हणजे राष्ट्रीय संघातली जागा हीच क्लबच्या नोकरीची किल्ली. जपानमध्ये चांगला खेळणारा, पण राष्ट्रीय संघात अधूनमधून येणारा बचावपटू इंग्लंडच्या दारापर्यंतही पोहोचू शकत नसे.

१५ सप्टेंबर २०१२ ला आर्सेनलच्या मैदानावर बदली खेळाडू म्हणून त्याचं प्रीमियर लीगमध्ये पदार्पण झालं. साउदॅम्प्टन तो सामना १-६ असा हरला. बचावपटूसाठी याहून कठीण सुरुवात असू शकत नाही. तरी त्या मोसमात तो लीगचे ३२ सामने खेळला आणि नुकताच वरच्या श्रेणीत आलेला क्लब तिथे टिकला.

इथून पुढची साडेसात वर्षं मला या कारकिर्दीचा गाभा वाटतात. पुढच्याच वर्षी क्लबनं क्रोएशियाचा देयान लोव्रेन आणला आणि योशिदा बाकावर गेला. आधीच्या मोसमात ३२ सामने खेळलेल्याला त्या मोसमात लीगमध्ये केवळ ८ मिळाले. लोव्रेन लिव्हरपूलला गेला, तर बेल्जियमचा टोबी आल्डरवायरेल्ड आला. तो गेला, तर २०१५ मध्ये नेदरलँड्सचा व्हर्जिल व्हान डाइक आला. शिवाय पोर्तुगालचा जोझे फोंते पहिल्यापासून होताच. म्हणजे दर उन्हाळ्यात योशिदाच्या डोक्यावर कुणीतरी नवा आणून बसवला जात होता. पण ही माणसं कोण होती ते पाहा. फोंते पोर्तुगालबरोबर २०१६ मध्ये युरोपचा विजेता झाला. आल्डरवायरेल्ड बेल्जियमच्या सुवर्णपिढीचा आधार होता. लोव्रेन २०१८ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना खेळला. व्हान डाइकसाठी लिव्हरपूलनं ७.५ कोटी पौंड मोजले, बचावपटूसाठी तोवर जगात कुणी एवढी किंमत दिली नव्हती. अशा माणसांच्या मागे थांबावं लागणं याला मी अपयश म्हणणार नाही. त्या रांगेत उभं राहून, दरवेळी कुणी जखमी झाला, निलंबित झाला किंवा विकला गेला की पुढे येऊन जागा घट्ट धरणं, हे काम त्यानं वर्षानुवर्षं केलं.

या वाट पाहण्याला आणखी एक बाजू होती. जपानचे पात्रता सामने आशियात. शनिवारी इंग्लंडमध्ये सामना, रविवारी हीथ्रोहून विमान, बारा तासांचा प्रवास, आठ-नऊ तासांचा वेळेतला फरक, दोन-तीन दिवसांत सैतामाला किंवा त्याहून आडवळणाच्या देशात सामना आणि लगेच उलट प्रवास. परत येईपर्यंत क्लबमधला स्पर्धक आठवडाभर विश्रांती घेऊन, सराव करून ताजातवाना झालेला असायचा. युरोपातल्या देशांकडून खेळणाऱ्या सहकाऱ्यांना दोन तासांचं विमान पुरायचं. जपानसाठी खेळलेल्या १२६ सामन्यांचा आकडा वाचताना हा हिशोब विसरू नये.

२०१४ ते २०१७ या काळात साउदॅम्प्टन लागोपाठ सातवा, सहावा आणि आठवा आला. छोट्या शहराच्या, दर वर्षी चांगले खेळाडू विकणाऱ्या क्लबसाठी ही फार मोठी मजल होती. २०१६ मध्ये युरोपा लीगमध्ये त्यांची गाठ इंटर मिलानशी पडली आणि साउदॅम्प्टनमधला सामना निर्णायक क्षणी नागातोमोच्या स्वयंगोलावर २-१ असा फिरला. दोन जपानी बचावपटू युरोपातल्या स्पर्धेत दोन बाजूंना, आणि त्यांतल्या एकाच्या दुर्दैवावर दुसऱ्याच्या क्लबचा विजय. दहा वर्षांपूर्वी अशा सामन्याची कुणी कल्पनाही केली नसती.

मग आला २०१७ चा जानेवारी. २० तारखेला फोंते वेस्ट हॅमला गेला. २२ तारखेला लेस्टरविरुद्ध व्हान डाइक जखमी झाला. तीन दिवसांत बचावफळीचा मध्य रिकामा. २५ तारखेला लीग कपच्या उपांत्य फेरीचा दुसरा सामना लिव्हरपूलमध्ये, ॲनफिल्डवर होता आणि साउदॅम्प्टनच्या हातात एका गोलाची आघाडी होती. योशिदाच्या जोडीला होता बावीस वर्षांचा जॅक स्टीफन्स, ज्याच्या गाठीला वरच्या श्रेणीतले मोजकेच सामने होते. लिव्हरपूलला गोल करता आला नाही. भरपाई वेळेत शेन लाँगनं पलीकडे गोल केला आणि साउदॅम्प्टन अंतिम फेरीत गेला. तोवरच्या संपूर्ण स्पर्धेत एकही गोल न खाता. फेब्रुवारीच्या अखेरीला वेंब्लीवर मँचेस्टर युनायटेडनं त्यांना ३-२ असं हरवलं. साउदॅम्प्टनच्या मानोलो गाब्बियादिनीचा एक योग्य गोल ऑफसाइड ठरवला गेला होता, त्यानं नंतर दोन केले आणि शेवटच्या मिनिटांत झ्लाटान इब्राहिमोविचनं सामना नेला. माझ्या मते तो करंडक साउदॅम्प्टनचा होता.

त्या वर्षी योशिदा संघाचा नियमित खेळाडू झाला, काही सामन्यांत त्यानं कर्णधारपदही सांभाळलं आणि क्लबनं नवा तीन वर्षांचा करार दिला. उतार त्यानंतर आला. क्लब खालच्या जागांत घसरला आणि २५ ऑक्टोबर २०१९ च्या पावसाळी रात्री घरच्याच मैदानावर लेस्टरनं साउदॅम्प्टनला ९-० हरवलं. योशिदा त्या फळीत होता. खेळाडूंनी त्या दिवसाचा पगार क्लबच्या सेवाभावी संस्थेला दिला. त्यानंतर त्याची जागा गेली. प्रीमियर लीगचे दीडशेहून जास्त सामने त्याच्या नावावर जमा होते. कागावा मँचेस्टर सोडून गेला त्याला तेव्हा पाच वर्षं झाली होती.

जानेवारी २०२० च्या शेवटच्या दिवशी तो लोनवर इटलीत, जेनोवा शहरातल्या सांपदोरियाला गेला. ८ मार्चला वेरोनाविरुद्ध रिकाम्या स्टेडियममध्ये त्याचं पदार्पण झालं आणि दुसऱ्याच दिवशी करोनामुळे इटलीतलं सगळं फुटबॉल थांबलं. काही दिवसांत सांपदोरियाचे अनेक खेळाडू बाधित निघाले, त्यांत पहिला होता गाब्बियादिनी, वेंब्लीवरचा त्याचा जुना सहकारी. परक्या देशात पोहोचून सहा आठवडे झालेले आणि त्या काळात सगळ्यांत वाईट अवस्थेत असलेला देशही तोच. योशिदा तिथे २०२२ पर्यंत राहिला. बचावाची शाळा समजल्या जाणाऱ्या लीगमध्ये तिशी ओलांडलेला जपानी सेंटर-बॅक अडीच मोसम टिकतो, ही मला इंग्लंडमधल्या वर्षांइतकीच मोलाची गोष्ट वाटते. त्यानंतर शाल्केत एक वर्ष काढलं, क्लब दुसऱ्या श्रेणीत घसरला आणि तो निघाला.

राष्ट्रीय संघाची कथा याला समांतर चालली होती. २०१८ मध्ये रशियात जपान बेल्जियमविरुद्ध २-० असा पुढे होता आणि भरपाई वेळेत स्वतःच्याच कॉर्नरवरून उलटा हल्ला होऊन २-३ असा हरला. त्यानंतर कर्णधार हासेबे राष्ट्रीय संघातून निवृत्त झाला आणि कर्णधाराची पट्टी योशिदाकडे आली. २०१९ च्या आशियाई करंडकाच्या अंतिम सामन्यात कतारला मिळालेली पेनल्टी त्याच्या हाताला चेंडू लागल्यानं होती. टोकियो ऑलिंपिकला तो पुन्हा वयाच्या सवलतीवर कर्णधार झाला. न्यूझीलंडविरुद्धच्या शूटआउटमध्ये निर्णायक पेनल्टी त्यानं मारली, पण जपान पुन्हा चौथा आला. तीन ऑलिंपिक खेळूनही पदक नाही.

कतारमधला २०२२ चा विश्वचषक हे त्याच्या कारकिर्दीचं सगळ्यांत दाट पान. गटात जर्मनी, कोस्टा रिका आणि स्पेन. जर्मनीला जपाननं २-१ हरवलं आणि जगभर मथळे झाले. चार दिवसांनी कोस्टा रिकाविरुद्ध सामना ०-० असा संपत आला होता. ८१ व्या मिनिटाला योशिदानं स्वतःच्या भागात चेंडू जोरात बाहेर न मारता हळूच उचलून सहकाऱ्याकडे द्यायचा प्रयत्न केला. चेंडू मध्येच अडला आणि कोस्टा रिकाला संपूर्ण सामन्यातली जवळजवळ एकमेव संधी मिळाली. केशर फुलरनं ती साधली. जर्मनीवरच्या विजयाचं भांडवल एका पासनं संपलं होतं. मधल्या फळीत घडलेल्या बचावपटूची ती सवय, जी एरवी संघाला उपयोगी पडायची, तिनंच घात केला.

पुढचा सामना स्पेनशी, आणि तो जिंकावाच लागणार होता. योशिदाला प्रशिक्षक हाजिमे मोरियासु यांनी वगळलं नाही. पहिल्या अर्ध्यात जपान ०-१ मागे आणि मध्यंतराच्या आधीच्या काही मिनिटांत इताकुरा, तानिगुची आणि योशिदा, म्हणजे मध्यावरचे तिन्ही बचावपटू, पिवळं कार्ड खाऊन बसलेले. आणखी एक चूक आणि मैदानाबाहेर. दुसऱ्या अर्ध्यात जपाननं काही मिनिटांत दोन गोल केले. नंतरचा सगळा वेळ स्पेननं चेंडू फिरवला आणि कार्डाच्या धाकाखालच्या या तिघांनी जागा सोडल्या नाहीत. जपानकडे चेंडू जेमतेम १८ टक्के वेळ होता. सामना २-१, गटात जपान पहिला. चार दिवसांपूर्वी ज्याच्या चुकीवर सामना गेला, तोच माणूस त्या तिघांच्या मध्यभागी उभा राहून हात दाखवत फळी सांभाळत होता. मी या सामन्याला त्याचा सर्वोत्तम आंतरराष्ट्रीय सामना मानतो.

बाद फेरीत क्रोएशियाविरुद्ध दाइझेन माएदानं केलेल्या गोलाआधी कॉर्नरवरून आलेला चेंडू गोलच्या तोंडाशी खाली पाडला तो योशिदानं. सामना १-१ असा शूटआउटमध्ये गेला. तिथे कर्णधार म्हणून तो पेनल्टी घ्यायला गेला आणि दोमिनिक लिवाकोविचनं ती अडवली. जपान पुन्हा उपउपांत्यपूर्व फेरीतच थांबला. ती त्याची शेवटची विश्वचषक स्पर्धा ठरली. १२६ सामने आणि १२ गोल, पुरुषांच्या राष्ट्रीय संघात त्याच्यापुढे तेव्हा फक्त यासुहितो एंदो आणि नागातोमो होते.

याच २०२२ मध्ये तो जपानच्या व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या संघटनेचा अध्यक्षही झाला. परदेशात खेळत असताना मायदेशातल्या खेळाडूंच्या संघटनेची धुरा घेणं सोपं नव्हे. टोकियो ऑलिंपिकच्या आधी रिकाम्या स्टेडियमच्या निर्णयाचा फेरविचार करा, अशी जाहीर विनंती करणाराही तोच होता.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये, पस्तिशीच्या उंबरठ्यावर तो लॉस एंजेलिस गॅलेक्सीत दाखल झाला. अमेरिकेतली लीग म्हणजे मावळतीच्या खेळाडूंची आरामाची जागा, असा समज आहे. योशिदा पुढच्या वर्षी तिथे कर्णधार झाला. उजव्या बाजूला मिकी यामाने हा दुसरा जपानी बचावपटू होता. ७ डिसेंबर २०२४ ला घरच्या मैदानावरच्या अंतिम सामन्यात गॅलेक्सीनं न्यूयॉर्क रेड बुल्सला २-१ हरवलं. संघाचा सगळ्यांत चमकदार खेळाडू रिकी पुच आधीच्या सामन्यात गुडघा दुखावून बाहेर होता, त्यामुळे आघाडी राखण्याचं ओझं मागच्या फळीवर अधिकच आलं. गॅलेक्सीचं दहा वर्षांतलं हे पहिलं विजेतेपद होतं. योशिदाच्या क्लब कारकिर्दीतलं लीगचंही हे पहिलंच. ते वयाच्या छत्तिसाव्या वर्षी मिळालं.

त्याच्यानंतर आलेले जपानी सेंटर-बॅक गुणांनी पुढे आहेत, हे मोकळेपणानं म्हणायला हवं. ताकेहिरो तोमियासू बेल्जियम, बोलोन्या करत २०२१ मध्ये आर्सेनलला पोहोचला. तो दोन्ही पायांनी सारखा खेळतो आणि फळीत कुठेही उभा राहतो. को इताकुरा योशिदाच्या एक वर्ष आधी शाल्केला वर आणून गेला होता. हिरोकी इतोला २०२४ मध्ये बायर्न म्युनिकनं घेतलं. फरक एवढाच, की यांना घेताना कुठल्याही क्लबला जपानी माणूस बचावफळीच्या मध्यावर चालेल का, हा प्रश्न पडला नाही. तो प्रश्न साउदॅम्प्टनला पडला होता.

योशिदाचा एकच सामना पाहायचा असेल, तर मी स्पेनचाही सुचवणार नाही. २५ जानेवारी २०१७ चा ॲनफिल्डवरचा सामना शोधा आणि दुसऱ्या अर्ध्यात चेंडूऐवजी साउदॅम्प्टनच्या तीन नंबरच्या जर्सीकडे पाहत राहा.